चांदण्यांचा तक्ता

मुकुंद सरपोतदारांना काहीही विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असायचं. "का? काय झालं?"

पुण्याहून आम्ही नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला राहायला आलो, त्या पहिल्याच हिवाळ्यात माझी दाढ दुखायला लागली. वरच्या मजल्यावर मराठी कुटुंब आहे हे दारावरच्या नावावरून कळलं होतं. मी जिना चढून गेले. दार त्यांनीच उघडलं. रविवार असूनही इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे. मी माझी ओळख करून दिली आणि विचारलं, "इथे दातांचा चांगला डॉक्टर कोण आहे?"

"का? काय झालं?"

"दाढ दुखतेय."

"वरची की खालची?"

"खालची."

"हं." माझ्यामागे जिन्यात आणखी कुणी आहे का ते त्यांनी पाहून घेतलं. "बघतो मी. कळवतो."

दाढ शेवटी मी दुसऱ्याच कुणाकडून तरी काढून घेतली. पुढे वंदनावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, बोलता बोलता सांगितलं की त्यांचा दातांचा डॉक्टर ट्रामच्या थांब्यासमोरच बसतो, वर्षानुवर्षं ते त्याच्याकडेच जातात आणि हात फार हलका आहे त्याचा.

"मग मला का नाही सांगितलं?"

वहिनी हसल्या. "अगं, उद्या त्याने तुझी भलतीच दाढ काढली असती, तर तू यांचंच नाव घेतलं असतंस ना?"

मला तेव्हा ती गंमत वाटली होती.

मुकुंददादा माणूस वाईट होते असं कुणीही म्हणणार नाही, आणि अडचण तीच आहे. पैशाअडक्यात चोख. वेळेचे पक्के. कुणाबद्दल वावगा शब्द नाही. गणपतीत खुर्च्या लावायला सगळ्यांच्या आधी हजर. पण त्यांच्याकडे गेलेली कुठलीही माहिती पुन्हा बाहेर आल्याचं मी पाहिलं नाही. मे महिन्यात हापूस कुठल्या दुकानात खरा मिळतो हे त्यांना माहीत असायचं. त्यांच्या घरात शिरल्यावर वासच सांगायचा. विचारलं तर म्हणायचे, "मिळतो कुठे कुठे." इथल्या मराठी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यांनी काढला, नव्याने आलेल्या लोकांनी एकमेकांना घर, शाळा, डॉक्टर यांची माहिती द्यावी म्हणून. महिन्याभरात कुणीतरी एका घरमालकाबद्दल तक्रार लिहिली. मुकुंददादांनी त्याच दिवशी अशी सोय केली की ग्रुपवर फक्त त्यांनाच लिहिता येईल. मग लिहायचं काय, तर "सर्वांना मकरसंक्रांतीच्या शुभेच्छा. कृपया उत्तर देऊ नये." उत्तर देता येतच नव्हतं, तरी ही विनंती.

काही वर्षांनी आधी सरपोतदार आणि मग आम्हीही टिलबर्गला राहायला गेलो आणि मला नोकरी लागली ती नेमकी मुकुंददादांच्याच कार्यालयात. मी डेटा अ‍ॅनालिस्ट, म्हणजे आकड्यांची साफसफाई करणारी. कार्यालय सरकारी होतं. त्याचं नाव मी घेत नाही. काम मात्र सांगायला हवं, कारण ते सांगितल्याशिवाय मुकुंददादा कळणार नाहीत.

गुन्ह्यात वापरलेलं पिस्तूल पोलिसांनी जप्त केलं की त्याची माहिती आमच्याकडे यायची. कुठल्या बनावटीचं, त्यावरचा नंबर काय, नंबर खरवडलाय का, कुठे सापडलं, पहिल्यांदा कुठल्या दुकानातून कायदेशीर विकलं गेलं होतं. एकेका पिस्तुलाचा असा मागे मागे जात माग काढायचा. अलीकडे बरीचशी पिस्तुलं मुळात खरी नसायचीच. शर्यत सुरू करताना वाजवतात तसलं आवाजाचं पिस्तूल, काही देशांत दुकानात सहज मिळणारं, कुणीतरी विकत घ्यायचं आणि कुठल्यातरी गॅरेजमध्ये नळीला छिद्र पाडून त्यातून खरी गोळी सुटेल असं करायचं. अशा एका पिस्तुलावरून काहीच समजत नाही. पण पाच गावांतली पाच पिस्तुलं शेजारी शेजारी मांडली, की कळतं की छिद्र पाडणारा हात एकच आहे. गावोगावच्या पोलिसांना आपापलं पिस्तूल दिसायचं. शेजारी शेजारी मांडलेली सगळी पिस्तुलं दिसायची फक्त आमच्या नोंदींत.

आणि ह्या नोंदी बाहेरच्या सरकारी खात्यांना, नगरपालिकांना, संशोधकांना द्यायच्या की नाही, दिल्या तर कशा, हे ठरवणाऱ्या विभागाचे प्रमुख होते मुकुंददादा. विभागाच्या नावात 'वाटप' असा शब्द होता. हापूसच्या दुकानाचा पत्ता न सांगणाऱ्या माणसाला सरकारने वाटपावर बसवलं होतं.

त्यांची जागा भिंतीला पाठ लागेल अशी. लॅपटॉपच्या पडद्यावर काळसर फिल्म, बाजूने पाहिलं तर नुसता अंधार. कुणी टेबलाजवळ आलं की दोन बोटांनी ते पडदा खाली करायचे, डब्यावर माशी बसू नये म्हणून झाकण सरकवावं तसा. मी आत काम करणारी, माझ्याकडे त्याच नोंदी उघड्या. तरी मी आले की झाकण खाली.

पहिल्याच महिन्यात लॉटे आली. टिलबर्गला संशोधन करणारी, उंच, केस विस्कटलेले, सायकलवरून आल्यामुळे गाल लाल. ती गुन्ह्यांच्या हत्यारांवर बरीच वर्षं काम करत होती. तिने फार काही मागितलं नव्हतं. माणसांची नावं नकोत, पत्ते नकोत, तपास चालू असलेली प्रकरणं नकोत. नळी कशी बदललीय, मूळ पिस्तूल कुठे विकलं गेलं आणि कुठल्या भागात सापडलं, एवढंच. एकाच कारखान्यातून निघालेली पिस्तुलं ओळखता येतात का हे तिला पाहायचं होतं.

मुकुंददादांनी तिला खुर्ची ओढून दिली, कॉफी आणून दिली. "तुमचं काम अतिशय महत्त्वाचं आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "आम्ही पूर्णपणे तुमच्या बरोबर आहोत."

"म्हणजे मिळेल?" डच माणसं विचारतात तसं तिने सरळ विचारलं.

"आपण ह्यावर नक्की विचार करू."

"कधीपर्यंत?"

"चौकट तयार झाली की."

लॉटे गेली. मला वाटलं, मिळणार. मी तर कामाला लागायच्या तयारीत होते. मुकुंददादा कप धुताना म्हणाले, "मनीषा, तू लगेच फाइल काढायला बसू नकोस. घाई म्हणजे चुका."

त्यांच्या तोंडून 'नाही' हा शब्द कधीच निघाला नाही. माझ्यासमोर त्यांनी कुणालाही नकार दिला नाही. चौकट तयार करायला समिती नेमली. समितीने काय करायचं हे ठरवायला एक छोटा गट नेमला. त्या गटातला एकजण बाळंतपणाच्या रजेवर गेला, इथे बापांनाही मिळते, तर त्याची वाट पाहिली. प्रायव्हसीचा कायदा आड येईल म्हणून कार्यालयाच्या वकिलाचं मत मागवलं. वकील म्हणजे सडपातळ, घाईत असलेली बाई. तिने चार ओळींत उत्तर पाठवलं: नावं-पत्ते काढून, करार करून द्यायला हरकत नाही, हे कार्यालय त्यासाठीच आहे. मी खूश होऊन त्यांच्याकडे गेले. झाकण खाली झालं.

"वाचलं ना?" मी म्हटलं. "हरकत नाही म्हणाल्यात त्या."

"हरकत नाही म्हणाल्या. द्या असं कुठे म्हणाल्या?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, थट्टा करतायत का म्हणून. थट्टा नव्हती. त्यांना मनापासून वाटत होतं की आपल्याला एक बारीक फट सापडलीय आणि आता तिच्यात पाचर मारून बसता येईल.

ह्या काळात टिलबर्गच्या आसपासच्या ब्राबंट प्रांतातल्या एका छोट्या गावच्या खेमेंटेचा, म्हणजे नगरपालिकेचा, एक अधिकारी मागे लागला होता. त्यांच्या हद्दीत तसली पिस्तुलं सापडायला लागली होती, शेजारच्या गावांतही तेच आहे का हे त्याला हवं होतं. मुकुंददादांनी त्याला मात्र चटकन माहिती दिली. सगळं कार्यालय थक्क. मी फाइल उघडून पाहिली तर ती फक्त त्याच गावात सापडलेल्या पिस्तुलांची होती, म्हणजे त्यांच्याच पोलिसांनी आम्हाला कळवलेली. त्यांचंच पत्र त्यांच्याच पेटीत परत टाकल्यासारखं. वर मुकुंददादांनी वार्षिक अहवालात लिहिलं, "एका नगरपालिकेशी यशस्वी माहिती-वाटप." आणि शेजारी हस्तांदोलनाचं चित्र.

लॉटे चिवट. ती दर काही आठवड्यांनी यायची, विचारायची, लिहायची. अखेर तिला एक तक्ता देण्याचं ठरलं. मुकुंददादांनी तो स्वतः बसून केला, मला हात लावू दिला नाही. भाग आडवे, पिस्तुलांचे प्रकार उभे. नियम असा की एखाद्या चौकोनातला आकडा फार लहान असला तर त्याऐवजी चांदणी छापायची, म्हणजे कुणाची ओळख पटायला नको. नियम चांगला आहे, सगळीकडे असतो. पण मुकुंददादांनी भाग इतके बारीक कापले आणि प्रकार इतके फोडले, की एकाही चौकोनात मोठा आकडा उरलाच नाही. लॉटेच्या हातात आला तो तक्ता वरपासून खालपर्यंत चांदण्यांनी भरलेला होता. डावीकडे चांदण्या, उजवीकडे चांदण्या, आतला आकडा काढता येऊ नये म्हणून बेरजेच्या रकान्यातसुद्धा चांदणी.

लॉटेने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे सुंदर आहे. माझ्या पुतणीच्या खोलीत लावते."

मुकुंददादांना टोमणा कळला नाही. "समाधान झालं ना?" असं त्यांनी विचारलं.

ह्या सगळ्याची मी इतके दिवस चेष्टाच करत होते. घरी येऊन नवऱ्याला त्यांची नक्कल करून दाखवायचे. केतकीला गोळी लागली आणि ती नक्कल बंद झाली.

ज्या गावच्या नगरपालिकेला तिचीच माहिती परत मिळाली होती, त्याच छोट्या गावात केतकी राहायची. नवरा फेल्डहोवनला चिप बनवण्याच्या यंत्रांवर काम करायचा, ती त्याच्याबरोबर डिपेंडंट व्हिसावर आलेली. इथे आल्यावर घरी बसून कंटाळली आणि एक भन्नाट उद्योग सुरू केला. भारतातून नव्याने आलेल्या बायकांना सायकल शिकवायची. साडी नेसणाऱ्या, सलवार घालणाऱ्या, चाळिशीच्या, पन्नाशीच्या, आयुष्यात कधी सायकलला हात न लावलेल्या बायका. मागून सीट धरून त्यांच्याबरोबर धावायची आणि ओरडायची, "खाली नका बघू! समोर बघा, समोर! चाक कुठे पळून जात नाही!" वंदनावहिनींनाही तिनेच शिकवलं होतं. मुकुंददादांनी केतकीला त्यासाठी साडी दिली होती, हे मात्र खरं.

एका शनिवारी दुपारी ती गावातल्या सुपरमार्केटबाहेर सायकल लावत होती. पलीकडच्या रस्त्यावर दोघांचं भांडण. एकाने पिस्तूल काढलं. ज्याच्यावर गोळी झाडली त्याला लागली नाही. केतकीच्या गुडघ्याला लागली.

पोलिसांनी ते पिस्तूल जप्त केलं. आवाजाचं, नळीला छिद्र पाडून बदललेलं. केतकीला हे हॉस्पिटलमध्ये पोलीसबाईनेच सांगितलं. आम्ही भेटायला गेलो त्या दिवशी मुकुंददादा आणि वंदनावहिनीही आले होते. वहिनींनी मुगाची खिचडी आणली होती. मुकुंददादा खिडकीपाशी उभे राहिले.

केतकीचा आवाज औषधांनी जड झाला होता. ती म्हणाली, "मुकुंददादा, तुम्ही त्यातच काम करता ना? मला एवढंच सांगा, ते पिस्तूल आलं कुठून? कुणीतरी ते बसून बनवलं असेल ना? टेबलावर ठेवून, दिवा लावून?"

"तू आधी विश्रांती घे."

"मला रात्रंदिवस तेवढंच डोळ्यांसमोर येतं. ज्याने झाडलं तो पोरगेला होता, तो घाबरलेला होता, मी पाहिलंय त्याचं तोंड. पण ज्याने बनवलं तो कोण?"

"बघतो मी," मुकुंददादा म्हणाले.

वंदनावहिनींनी खिचडीचा डबा उघडता उघडता पुन्हा बंद केला. नवऱ्याकडे पाहिलंही नाही. "तुम्ही काही बघणार नाही," त्या म्हणाल्या. "तिला खोटं सांगू नका. ती आजारी आहे."

मुकुंददादांनी खिडकीचा पडदा थोडा सरकवला, पुन्हा होता तसा केला, आणि पार्किंगची वेळ संपतेय म्हणून खाली गेले.

त्याच आठवड्यात माझा त्या भागाच्या नोंदींचा अ‍ॅक्सेस बंद झाला. जखमी बाई माझ्या ओळखीची आहे, तेव्हा मी त्या नोंदी पाहणं योग्य नाही, असं पत्र आलं. खाली मुकुंददादांची सही. नियमाने ते बरोबरच होतं. त्यांचं प्रत्येक पाऊल नियमाने बरोबरच असायचं. मी पत्र घेऊन कॅन्टीनमध्ये त्यांच्यासमोर जाऊन बसले. ते पोळीचे एकसारखे तुकडे करत होते.

"केतकी तुमच्याही ओळखीची आहे," मी म्हटलं. "तुमचा अ‍ॅक्सेस?"

"मी नोंदी बघतच नाही, मनीषा. मी फक्त धोरण बघतो."

"दादा, लॉटेला ते सगळं दिलं असतं तर—"

"तर काय? गोळी थांबली असती?"

"ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. कारण कुणी पाहिलंच नाही."

त्यांनी हात पुसले. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ते माझ्याशी खरं बोलले. आवाज अगदी शांत, लहान मुलाला गणित समजावताना असतो तसा.

"हे बघ. मी दिलं आणि काही बिघडलं, तर माझं नाव येतं. पेपरात येतं, चौकशीत येतं. नाही दिलं आणि काही बिघडलं, तर कुणाचंच नाव येत नाही. तू मला सांग, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? मी बाहेरून आलेला माणूस आहे. इथे जन्मलेल्याची चूक झाली तर ती चूक असते. माझी झाली तर लोक माझं आडनाव वाचायला शिकतील."

हे शेवटचं वाक्य खोटं नव्हतं. इथे परक्या आडनावाने नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला ते पोटात कुठेतरी माहीत असतं, मलाही. क्षणभर मला त्यांची कीव आली. पण मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलंय का हे चारी बाजूंनी दाबून पाहिलं, आणि म्हणाले, "आणि केतकीचं इन्शुरन्स आहे ना सगळं." कीव तिथल्या तिथे संपली.

त्या वसंतात आमच्या सगळ्या कार्यालयाला नवीन प्रमुख आल्या. आधी रुग्णवाहिकांचं काम सांभाळलेल्या, ठेंगण्या, मोठ्याने बोलणाऱ्या बाई. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "बाहेरच्या कुणी काय मागितलं आणि आपण त्यांना काय दिलं?"

मुकुंददादांनी भिंतीवर प्रक्रियेचा नकाशा दाखवला. बाण, चौकोन, समित्या. छान रंग दिलेला. बाईंनी तो थोडा वेळ पाहिला.

"प्रक्रिया नकोय मला. संशोधकाला काय दिलं?"

मुकुंददादांनी तक्ता पुढे केला. बाईंनी चष्मा लावला, चांदण्या पाहिल्या, मग कागद उलटून मागे काही आहे का ते पाहिलं.

"हे कुणी मान्य केलं?"

"समितीने," मुकुंददादा म्हणाले.

"समितीत कोण आहे?"

मुकुंददादांनी नावं सांगितली. त्यातले दोघे नोकरी सोडून गेले होते, एकाला आपण समितीत आहोत हे त्या खोलीत बसल्या बसल्या कळलं. बाईंनी कार्यालयाच्या वकिलांना फोन लावला, सगळ्यांसमोर, आणि विचारलं, "द्यायला परवानगी आहे का?" पलीकडून उत्तर आलं, "मी हे मागेच लिहून दिलंय."

उन्हाळा संपायच्या आत लॉटेला नोंदी मिळाल्या. नावं-पत्ते काढलेल्या, करार करून, आमच्याच इमारतीतल्या बंद खोलीतल्या संगणकावर बसून पाहायच्या. नगरपालिकांनाही शेजारच्या भागांसकट माहिती जायला लागली. आभाळ कोसळलं नाही, कुणाची खाजगी गोष्ट बाहेर आली नाही. नोंदी मिळाल्यानंतर थोड्याच दिवसांत लॉटे खोलीतून बाहेर आली आणि माझ्या टेबलाशी उभी राहिली. तिचे डोळे भरलेले होते, आणि ती बाई रडणारी नव्हे.

एकाच हाताने बदललेली पिस्तुलं ब्राबंटभर पसरलेली होती. छिद्र पाडायची पद्धत तीच, नळीच्या तोंडाशी तोच तिरका ओरखडा. मूळ पिस्तुलं सीमेपलीकडच्या एकाच दुकानातून गेलेली. केतकीला ज्यातून गोळी लागली ते त्यांतलंच एक. आणि त्यांतली पहिली पिस्तुलं आमच्याकडे नोंदवली गेली होती ती केतकीला गोळी लागायच्या कितीतरी आधी. लॉटे पहिल्यांदा कॉफी प्यायला आली होती, तेव्हाही ती तिथेच होती, मुकुंददादांच्या काळ्या फिल्मच्या मागे.

केतकीचा गुडघा वाचला असता असं मी म्हणणार नाही. लॉटेही म्हणत नाही. पोलिसांनी ते गॅरेज शोधलं, बंद केलं. सीमेपलीकडचं दुकानही बंद झालं. एवढं झालं. हेच दोन वर्षं आधी झालं असतं तर काय, ह्याचा विचार केतकीच्या नवऱ्याने करून करून तब्येत बिघडवून घेतली. केतकीने उलट ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिवा होता का तिथे? टेबल?" होतं, मी सांगितलं, पोलिसांनी तसं कळवलं होतं. तिने मान हलवली. त्यानंतर तिने त्या माणसाबद्दल पुन्हा विचारलं नाही.

आता मुकुंददादांचं काय झालं, ते ऐका. चौकशी झाली नाही, ताकीद मिळाली नाही. द्यायची पद्धत बदलल्यावर तो विभागच नवीन बाईंनी स्वतःकडे घेतला, आणि मुकुंददादांनी राजीनामा देऊन स्वतःची सल्लागार कंपनी काढली. सल्ला कसला, तर सरकारी खात्यांनी एकमेकांना माहिती कशी द्यावी. काम मिळतं म्हणे भरपूर. मला आश्चर्य वाटलं नाही. अडवायचं कसं हे ज्याला इतकं बारकाईने माहीत, त्याला रस्ता विचारायला लोक येणारच.

गेल्या शरद ऋतूत टिलबर्गला एक परिषद होती. लॉटेचं भाषण होतं म्हणून मी गेले, आणि लॉटेच्या आग्रहाने केतकीही आली, काठी घेऊन. सकाळच्या सत्रात व्यासपीठावर मुकुंददादा. तोच इस्त्रीचा शर्ट, वर आता जाकीट. त्यांनी पडद्यावर ब्राबंटचा नकाशा दाखवला, लॉटेने काढलेला, आणि म्हणाले, "विश्वासाचं वातावरण असलं की काय साध्य होतं, ह्याचं हे उदाहरण. आम्ही सुरुवातीपासून संशोधकांच्या बरोबर होतो." लॉटे माझ्या शेजारी बसली होती. तिने तोंडावर हात ठेवला. ती हसतेय की काय ते मला कळलं नाही. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. केतकीने वाजवल्या नाहीत, पण ती रागावलेलीही दिसली नाही. ती नुसती पाहत होती. व्यासपीठावरून उतरताना मुकुंददादांची नजर तिच्यावर पडली आणि पायरी चुकली. पडले नाहीत.

संध्याकाळी निघताना बाहेर वारा सुटला होता. काचेचं मोठं, जड दार, आपोआप न उघडणारं. मुकुंददादा आमच्या पुढे होते. मागे केतकी येतेय हे त्यांनी पाहिलं आणि दार धरून उभे राहिले. सभ्य माणूस, नेहमीच सभ्य. केतकी दहा-बारा पावलं मागे होती. ती काठी टेकायची, पाय उचलायची, थांबायची. वारा दाराला ओढत होता, मुकुंददादांनी दुसरा हातही दाराला लावला होता, जाकिटाचं टोक फडफडत होतं. त्यांना तिच्याकडे पाहता येईना आणि दुसरीकडेही पाहता येईना.

केतकी मध्येच थांबली. कपाळावरचा घाम पुसून हसली.

"तुम्ही जा पुढे, मुकुंददादा," ती म्हणाली. "मला वेळ लागतो."

"नक्की?"

"नक्की."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी दार सोडलं आणि स्टेशनच्या दिशेने भराभर चालायला लागले.